मनावर उपचार करणारे आपल्या वस्तीतून घडावेत



गेल्या वर्षावासात नगर शहराजवळच्या एका वस्तीतल्या विहारात आरोग्यावर बोलायला गेलो होतो. रक्तदाब, साखर, पाळीचे त्रास यांवर प्रश्न झाले. बाया उठायला लागल्या तेव्हा एक आई मुलीला घेऊन पुढे आली. मुलीने मानसशास्त्र घेऊन बी.ए. केले होते. त्यानंतर शहरातल्या एका खासगी क्लासमध्ये तीन महिन्यांचा ‘समुपदेशक’ कोर्स केला. फीसाठी आईने बचत गटातून अठरा हजारांचे कर्ज काढले. मुलगी प्रमाणपत्र घेऊन एका दवाखान्यात नोकरी मागायला गेली, तर तिथे विचारले, “नोंदणी क्रमांक आहे का?” नोंदणी म्हणजे काय, हेच तिला क्लासमध्ये कोणी सांगितले नव्हते.

आई म्हणाली, “ताई, पोरीचं शिक्षण वाया गेलं का?”

बी.ए. वाया गेलेले नाही. पण मनाच्या उपचाराचे शिक्षण घ्यायचे तर कोणती पदवी कोणत्या कामाची आहे, हे फी भरण्याआधी कळायला हवे. त्यातच गेल्या दोन-तीन वर्षांत या शिक्षणाचे नियम बरेच बदलले. म्हणून या वेळचे आरोग्य पान याच विषयाला दिले आहे.

आपल्याला हे लोक का हवेत?

दवाखान्यात नर्स म्हणून काम करताना आम्ही रोज पाहायचो. छातीत धडधडते, डोके जड होते, झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, अशी तक्रार घेऊन बाई यायची. ईसीजी नीट, रक्त नीट. मग “काही नाही, ताकदीच्या गोळ्या घ्या” म्हणून तिला परत पाठवले जायचे. त्रास मनाचा असायचा आणि मनाचे ऐकून घेणारे तिथे कोणी नसायचे. काही जणी मग देवऋषाकडे जायच्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, बांधून ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याने एक दार बंद केले तरी उपचाराचे दुसरे दार जवळ असावे लागते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या राज्यांत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते.

आपल्या वस्त्यांसाठी आणखी एक कारण आहे. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ही आपल्याच जिल्ह्यातली गावे. अत्याचाराची घटना झाली की पेपरात चार दिवस येते. घरच्यांना कोर्टाच्या तारखा, साक्षीदारांची भीती आणि गावातले अबोलपण वर्षानुवर्षे सोसावे लागते. अशा घरातला माणूस “रात्री बाहेर पाऊल टाकायची भीती वाटते” म्हणाला आणि समोरचा “तुम्ही फार विचार करता” म्हणाला, तर तो माणूस पुन्हा येत नाही. कोणती भीती आजाराची आणि कोणती अनुभवाची, हे ओळखायला जात कळावी लागते. चांगला समुपदेशक कोणत्याही समाजाचा असू शकतो, हे आम्ही पाहिले आहे. तरीही ज्यांनी हे जगणे पाहिले आहे असे लोक या पेशात पुरेसे नसतील, तर आपले दुःख नीट समजून घेतले जाणार नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ सांगते की परवडणारी, चांगली आणि जवळ मिळणारी मानसिक आरोग्य सेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्यात जातीवरून भेदभाव चालणार नाही. हा हक्क प्रत्यक्षात यायचा तर सेवा देणारी माणसे तयार व्हायला हवीत.

कोण काय करतो?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्राचे पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो लिहून देतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनाच्या चाचण्या घेतो आणि बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांनी आजार हाताळतो. औषध लिहून देत नाही.

समुपदेशक घर, शाळा, व्यसन, नाती यांतल्या अडचणींत माणसाला वाट शोधायला मदत करतो. याशिवाय मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि मनोविकार शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली नर्स असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू आहे. त्याच्या पथकात डॉक्टरबरोबर या मंडळींचीही पदे असतात.

नियम काय बदलले?

पहिली गोष्ट नोंदणीची. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आर.सी.आय., ही संस्था आली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिच्या नोंदवहीत नाव लागते. नोंदणी नसताना काम केले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. त्या दवाखान्याने मुलीला विचारले ते हेच. नुसती बी.ए. किंवा एम.ए. मानसशास्त्र केल्याने ही नोंदणी मिळत नाही. तीन महिन्यांच्या कोर्सने तर नाहीच.

दुसरी गोष्ट एम.फिल.ची. आजवरची मुख्य वाट अशी होती: एम.ए. मानसशास्त्र आणि त्यानंतर दवाखान्यात रोग्यांसोबत शिकत दोन वर्षांचे एम.फिल. यूजीसीने २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांना मात्र जानेवारी २०२४ मध्ये २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुभा दिली.

तिसरी गोष्ट नव्या वाटेची. पुनर्वास परिषदेने बारावीनंतरचा चार वर्षांचा बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी (ऑनर्स) आणि त्यापुढे दोन वर्षांचा एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी असे अभ्यासक्रम आणले आहेत. त्याच्याही पुढे साय.डी. ही डॉक्टरेट आहे.

चौथी गोष्ट आपल्या घरांवर सगळ्यात जास्त परिणाम करणारी आहे. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञही आरोग्य व्यवसायांच्या यादीत आले. त्यानंतर यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे शिक्षण मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला बंदी केली. आपल्याकडे किती तरी सुना, आशाताई, अंगणवाडी सेविका काम सांभाळून घरी अभ्यास करत आणि मानसशास्त्राची पदवी घेत. ते दार बंद झाले.

यावर आमचे म्हणणे सरळ आहे. रोग्यासमोर बसून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकल्याशिवाय हे काम येत नाही. इंजेक्शन द्यायला आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. म्हणून बंदीमागचे कारण आम्हाला पटते. पण पूर्णवेळ शिकायला वेळ कोणाकडे असतो? ज्याच्या घरात एका माणसाच्या मजुरीवाचून चूल पेटते, त्याच्याकडे. नियम कडक करायचे तर जिल्ह्याजिल्ह्यांत जागा, वसतिगृह आणि शिकताना मानधन द्यायला हवे. ही मागणी आपल्या महिला मंडळांनी आणि विद्यार्थी संघटनांनी उचलून धरावी.

घरात बसून करायचा हिशोब

बारावीनंतर चार अधिक दोन, म्हणजे सहा वर्षे. आधी हे घरात मोकळेपणाने बोला. मुलीचे लग्न मध्येच काढायचे नाही, हेही त्याच बैठकीत ठरवा.

पैशासाठी महाडीबीटीवरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जेवण, राहणे आणि निर्वाह यांसाठी पैसे मिळतात. पुणे-मुंबईसारख्या शहरांत ते वर्षाला ६०,००० रुपये आहेत. दोन्हींसाठी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळतात. १९९० मध्ये तसा कायदा झाला. मात्र निम्हान्ससारख्या केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. तो ऐन वेळी मिळत नाही, म्हणून प्रवेशाच्या किती तरी आधी अर्ज करा. राज्यात पुण्याला ससूनच्या आवारात सरकारची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. तिथली चौकशी आधी करा.

फी भरण्याआधी संस्थेला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या:

१. या अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का? या वर्षासाठी आहे का?
२. शिकून झाल्यावर नोंदणी कोणत्या नावाने होईल?
३. रोग्यांसोबतचे शिक्षण कोणत्या दवाखान्यात होईल?
४. पूर्ण फी किती? शिष्यवृत्ती इथे लागू आहे का?
५. मागच्या वर्षी शिकून गेलेल्या दोघा-तिघांशी बोलायला मिळेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते, तिथे स्वतः नाव शोधा. विहारातल्या शिकलेल्या मुलाला सांगितले तर तो मोबाइलवर शोधून देईल.

ज्यांना इतकी वर्षे जमणार नाहीत त्यांनाही काम आहे. सरकारी दवाखान्यातले एच.आय.व्ही. तपासणी केंद्र आणि किशोरवयीनांचे ‘मैत्री’ क्लिनिक इथे मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्यांना समुपदेशक म्हणून घेतात. नर्सिंग झालेल्या मुलींसाठी मनोविकार शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे.

पदवी नसली तरी

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या फारशा न शिकलेल्या बायांना, त्यांत दलित बायाही होत्या, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवले. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हाती गावाने आपली बाळंतपणे दिली. मनाच्या बाबतीतही हे जमते. गोव्यात संगथ संस्थेने साध्या शिकलेल्या लोकांना तयार करून आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रोग्यांना सहा ते आठ भेटींत मदत केली. त्याचा चांगला परिणाम २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण त्या लोकांना शिकवायला आणि अडले तर सांभाळायला जाणते लोक पाठीशी होते. ते जाणते लोक आपल्यातून घडावेत, यासाठी हा खटाटोप.

तोवर एक नंबर प्रत्येक घरात लिहून ठेवा: १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोन मोफत, रात्रंदिवस, मराठीत बोलता येते. कोणी जीव नकोसा झाला असे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका, तिथेच बसून हा नंबर लावा आणि लगेच दवाखान्यात न्या.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. पहिला काढायला आपल्या समाजातून डॉक्टर आणि नर्स घडल्या. आता दुसरा काढणारे घडवायचे आहेत.

ती मुलगी आता पूर्णवेळ एम.ए.साठी अर्ज करणार आहे. पाच प्रश्न वहीत लिहून नेले आहेत. बचत गटाचे कर्ज अजून फिटायचे आहे. तुमच्या घरात यंदा कोणी बारावीला असेल, तर हे पान त्याच्या हाती द्या.