मालिश घेताना गप्प पडून राहू नका

हिवरे बाजार म्हटले की आज पाणी आठवते. १९७२ च्या दुष्काळाआधी मात्र हे गाव पैलवानांसाठी ओळखले जाई. तालमीत मालिश ही चैन नसते, ती मेहनतीचाच भाग असते. जोर-बैठका झाल्या की पैलवान एकमेकांचे अंग रगडतात आणि रगडून घेणारा बोलत राहतो: इथे धर, तिथे सोड, खांद्याला हळू. कुठे काय दुखते हे तो सांगतो, म्हणून त्याला मालिश लागू पडते.

आज त्याच शिवारात कांदा पिकतो. रोपे लावताना दिवसभर ओणवे राहायचे, काढणीनंतर बसून विळ्याने पात कापायची. कंबर, मान आणि अंगठ्याचे मूळ धरते ते यामुळे. मेहनत पैलवानाइतकीच, पण या बाईच्या पाठीला तेलाचा हात क्वचितच लागतो. मुलाने हट्टाने फिजिओथेरपिस्टकडे नेलेच, तर ती टेबलावर दात आवळून पडून राहते. सोसायची सवय! जितके जास्त दुखेल तितका गुण जास्त, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. दुखले की स्नायू आणखी आवळतो आणि मालिशचा उद्देशच बाजूला राहतो. श्वास रोखला जाऊ लागला, मुठी वळल्या, तर दाब जास्त झाला असे समजा आणि "हळू" म्हणा. यात कुणाचा अपमान नाही. मालिश करणाऱ्याला हीच माहिती हवी असते.

सुरुवातीला नुसते "कंबर दुखते" म्हणू नका, काम सांगा. किती तास वाकून असता, डोक्यावर ओझे वाहता का, दुखणे सकाळी जास्त की संध्याकाळी, कळ पायात उतरते का. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, जुने फ्रॅक्चर, गरोदरपण, यातले काही असेल तर तेही सांगा. साखरेमुळे तळपाय बधिर झालेला असेल, तर गरम तेलाचा चटकाही कळत नाही. साठीच्या पुढच्या बाईची हाडे ठिसूळ असू शकतात, तिथे जोराचा दाब नको. जेवून लगेच जाऊ नका, दीड-दोन तास जाऊ द्या.

कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचे. जिथे हात चालतो तेवढाच भाग उघडा, बाकी अंगावर चादर असावी. स्त्री फिजिओथेरपिस्ट मागणे किंवा सोबत घरच्या बाईला बसवणे, हा तुमचा हक्क आहे. नको वाटले तर मध्येच उठून यावे.

काही दुखणी मात्र चोळायचीच नसतात. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा प्लास्टर काढल्यावर, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावतो. छातीत दाबल्यासारखे होऊन कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, तर बाम आणि तेल बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडू लागला, मांड्यांमधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, उघडी जखम किंवा नुकताच पडून मार लागलेला असताना मालिश नको. आणि बाजारात मान धरून कडकन मोडणारे असतात, त्यांच्या हाती मान देऊ नका. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या तिथूनच जातात.

फिजिओथेरपिस्टला पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारा. त्यात संकोच कसला? आपल्या जिल्ह्यात विळद घाटात आणि लोणीला फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

मालिशनंतर झटकन उठू नका, चक्कर येते. कुशीवर वळा, हाताने रेटून बसा, मग उभे राहा. एक-दोन दिवस अंग थोडे ठणकले तर घाबरू नका, पण दुखणे वाढतच गेले तर परत दाखवा. जमले तर त्या दिवशी जड ओझे टाळा. मालिशने मिळणारा आराम बहुधा थोड्या दिवसांचाच असतो, हे आधीच माहीत असावे. म्हणून निघण्यापूर्वी घरी करायचे दोन व्यायाम मागून घ्या, तिथेच करून दाखवा आणि बरोबर होतात का ते विचारा. लागवडीच्या दिवसांत तासाभराने वाफ्यातून उठून कमरेवर हात ठेवायचे आणि चार-पाच वेळा हळूच मागे वाकायचे. मुकादम बघत असला तरी.