फोन आवाज कमी करतो तेव्हा

मी शब्दांकनाचं काम करते. लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित होऊन माझ्याकडे येतात आणि त्या ऐकून मी शब्दशः उतरवून काढते. या कामात मला सर्वांत जास्त छळलं असेल, तर ते फोनने परस्पर ठरवलेल्या आवाजाच्या मर्यादेने. हेडफोन लावून ऐकताना ठरावीक पातळीच्या वर आवाज न्यायला गेलं की फोन अडवतो, आणि कधी कधी वर गेलेला आवाज स्वतःच खाली आणतो. हा त्रास अनेकांना होतो. बहुतेक जण चिडून त्यावर मिळेल तो उपाय करतात आणि त्यातले काही उपाय कानांना महागात पडणारे असतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्रास नेमका कसा होतो, ते एका कामावरून सांगते. गिरणगावातल्या कुटुंबांच्या आठवणींचं शब्दांकन मी करत होते. विषय १९८२ च्या गिरणी संपाचा. लालबाग-परळच्या चाळींतल्या छोट्या खोल्या, डोक्यावर फिरणारा पंखा, खाली रस्त्याची वर्दळ. रेकॉर्डर ठेवलेला असतो गिरणी कामगारासमोर आणि त्याची बायको बोलते स्वयंपाकाच्या ओट्यापासून. साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, आयुष्य काढलेला माणूस मोठ्याने बोलतो, त्यामुळे त्याचा शब्दन्‌शब्द स्पष्ट असतो. बायकोचा आवाज मात्र पंख्याच्या घरघरीखाली दबलेला. संपात घर कसं चाललं, हे तर तिलाच ठाऊक असतं. अशाच एका मुलाखतीत बाई मंगळसूत्र गहाण टाकल्याचं सांगू लागली आणि रक्कम सांगताना तिचा आवाज एकदम उतरला. मी आवाजाचं बटण दाबलं, तर पडद्यावर चौकट: जास्त वेळ मोठ्या आवाजात ऐकल्यास कानांना इजा होऊ शकते. ‘ओके’ म्हटल्याशिवाय आवाज पुढे सरकेना. तोवर वाक्य निघून गेलं. मागे जाऊन ते पुन्हा लावलं, तरी रक्कम कळली नाही, कारण त्या जागी सर्वांत वरची पातळीसुद्धा पुरत नव्हती.

ज्याचा आवाज मुळातच क्षीण आहे, ते ऐकताना कान बिघडण्याचा इशारा मिळावा, याचा संताप येतो. पण ही मर्यादा कशावर चालते, हे एकदा समजलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात.

फोन कशावरून ठरवतो?

ही व्यवस्था प्रामुख्याने युरोपीय मानकांतून आली. त्या मानकांनुसार २०१३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांना ८५ डेसिबल ही मूळ मर्यादा आली. वापरणाऱ्याने इशारा वाचून मान्यता दिली तर १०० डेसिबलपर्यंत जाता येतं आणि वीस तास ऐकून झाल्यावर इशारा पुन्हा दाखवायचा असतो. जगभर विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये हीच सोय कमी-अधिक फरकाने आली. म्हणूनच महिनाभर गप्प असलेला इशारा अचानक उगवतो. त्याचे तास भरलेले असतात.

अडचण अशी की जुन्या पद्धतीत फोन फक्त आवाजाचा दांडा किती वर आहे, एवढंच पाहतो. गाणं कर्कश आहे की ध्वनिमुद्रण पुटपुटल्यासारखं आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. वायरच्या टोकाला कोणते हेडफोन आहेत, हेही त्याला नीट कळत नाही. तेवढ्याच पातळीवर एका कंपनीचे इअरफोन कान किटवतात आणि स्टुडिओतले जड हेडफोन जेमतेम ऐकू येतात. ‘आवाज साठ टक्क्यांवर ठेवा’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. टक्के फोनचे असतात, डेसिबल कानात पोचतात.

नवी पद्धत यापेक्षा शहाणी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून सुरक्षित श्रवणाचं मानक तयार केलं आहे. त्यात एका क्षणाच्या आवाजापेक्षा आठवड्याभराचा हिशेब महत्त्वाचा मानला आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला फक्त अडीच तास. आयफोन असा आठवड्याचा हिशेब ठेवतो आणि २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून तशी सोय अँड्रॉइडमध्येही आहे, मात्र प्रत्येक फोनमध्ये ती असेलच असं नाही. नवा फोन घेताना हे विचारून घ्यावं.

आधी ध्वनिमुद्रण सुधारा

ऐकू येत नसेल तर फोनशी झगडण्याआधी मूळ फाइल दुरुस्त करावी. माझं निम्म्याहून अधिक काम यानेच सुकर झालं. संगणकावर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या. मूळ फाइल तशीच जपून ठेवा आणि तिच्या प्रतीवर काम करा. आधी ‘हाय-पास फिल्टर’ने १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कमी करा, म्हणजे पंख्याची आणि रस्त्याची घरघर बरीच उतरते. मग ‘कॉम्प्रेसर’ लावा, त्याने मोठ्याने बोलणाऱ्याचा आणि हळू बोलणाऱ्याचा आवाज एकमेकांच्या जवळ येतो. शेवटी ‘नॉर्मलाइज’ करून एकूण पातळी वाढवा. ‘नॉइज रिडक्शन’ जपून वापरा, जास्त झालं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि शब्द ओळखू येत नाहीत. सुधारलेली फाइल पहिल्यांदा ऐकताना फोनचा आवाज अगदी खाली ठेवून सुरुवात करा, कारण ती आता आधीपेक्षा बरीच मोठी झालेली असते. मंगळसूत्राची ती रक्कम मला अशीच कळली, आणि तीही मधल्या पातळीवर.

फोनमध्ये ‘आवाज दुप्पट करा’ म्हणणारी बूस्टर ॲप्स मात्र टाकू नका. ती आवाजाच्या लहरींची टोकं छाटून मोठेपणाचा भास आणतात. शब्द फाटतात आणि कानावरचा भार वाढतो.

मग भोवतालचा गोंगाट कमी करा

लोकलमध्ये किंवा एसटीत आपण आवाज वाढवतो, तो बाहेरच्या खडखडाटावर मात करण्यासाठी. खडखडाट कानात शिरलाच नाही, तर आवाज वाढवावा लागत नाही. कानात घालायच्या इअरफोनसोबत रबराच्या लहान-मोठ्या टोप्या येतात. बहुतेक लोक आधीपासून लावलेलीच वापरतात. तिन्ही मापं लावून पाहा. नीट बसली की बाहेरचा आवाज लगेच मंदावतो आणि खर्ज भरून येतो. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं अगदी स्वाभाविक आहे. नॉइज कॅन्सलिंग असलेले हेडफोन रेल्वेची, एसटीच्या इंजिनाची, पंख्याची सलग घरघर चांगली कापतात. शेजारच्यांच्या गप्पा त्यांना तितक्या जमत नाहीत. रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना किंवा दुचाकीवर ते कानातून काढलेच पाहिजेत, यात तडजोड नाही.

फोनला खरी माहिती द्या

ब्लूटूथने जोडलेली प्रत्येक वस्तू फोनला हेडफोन वाटू शकते, मग तो गाडीतला स्टिरिओ असो की दिवाणखान्यातला स्पीकर. आयफोनमध्ये ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या वस्तूच्या नावाशेजारचं ‘आय’चं चिन्ह दाबा आणि ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘कार स्टिरिओ’ किंवा ‘स्पीकर’ निवडा. मग तिथे वाजलेलं तुमच्या कानांच्या हिशेबात धरलं जात नाही. अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्येही जोडलेल्या वस्तूच्या तपशिलात असा पर्याय मिळतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाहावं.

आयफोनमधली मर्यादा ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’ या सेटिंगमधल्या ‘हेडफोन सेफ्टी’त असते. तिथे कमाल डेसिबल आपण ठरवू शकतो. देशानुसार मात्र फरक पडतो. काही देशांत तिथल्या नियमांमुळे इशारे बंद करता येत नाहीत. युरोपात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकाचा फोन वेगळा वागला, तर तो बिघडला आहे असं समजू नका.

कार्यक्रमात फोनवर विसंबू नका

गिरणगावातल्या त्याच मुलाखतींतले काही तुकडे एका कार्यक्रमात श्रोत्यांना ऐकवायचे होते. संयोजकांनी फोन हेडफोनच्या वायरने मिक्सरला जोडला. फोनच्या लेखी ते हेडफोनच, त्यामुळे आवाज वर जाईना. साउंडवाल्याने मिक्सरचा आवाज भरपूर वाढवला. एवढ्यात कुणीतरी फोनवरच्या चौकटीत ‘ओके’ दाबून बटण वर नेलं आणि सभागृहात आवाज असा फुटला, की पुढच्या रांगेतल्या वयस्कर माणसांनी कानांवर हात ठेवले. एकीकडे मर्यादा आणि दुसरीकडे तिची भरपाई, हा प्रकार घातक ठरतो.

शाळेचं स्नेहसंमेलन, नृत्यवर्ग, अभिवाचन, सोसायटीतला गणेशोत्सव, सगळीकडे हे होऊ शकतं. शक्य असेल तिथे लॅपटॉप किंवा पेन ड्राइव्हवर चालणारा प्लेअर वापरा. फोनच वापरायचा असेल, तर कार्यक्रमाआधी तीच वायर जोडून आवाज वर न्या, इशारा आला तर तेव्हाच मान्य करा, फोन ‘फ्लाइट मोड’वर टाका आणि मगच मिक्सरचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा. त्यानंतर कुणी एकानेच आवाजाला हात लावायचा आणि तोही मिक्सरवर.

इशारा नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे

हे सगळं सांगून झाल्यावर सर्वांत महत्त्वाचं. ही मर्यादा कशासाठी आहे, ते मला त्या साचाखात्यातल्या कामगारांनी शिकवलं. माग चालू असताना खात्यात बोलणं ऐकूच येत नसे, हातवारे करून कामं चालत, असं ते सांगतात. हे सांगतानाही मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न दोनदा विचारावा लागतो. तिथल्या गोंगाटाला बटण नव्हतं आणि तो सोसणं हाच पोटापाण्याचा मार्ग होता. आपल्या कानात आपण स्वतः सोडलेल्या आवाजाला बटण आहे.

आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला फटका साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपास बसतो. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण स, श, फ, थ यांसारखे वर्ण निसटू लागतात. ‘लोक पुटपुटतात’ अशी तक्रार सुरू झाली, टीव्हीचा आवाज घरच्यांना जास्त वाटू लागला, कानात शीळ वाजल्यासारखं होऊ लागलं किंवा गोंगाटातून बाहेर आल्यावर दडे बसले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उपचाराची वेळ फार महत्त्वाची असते. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच क्षेत्रात काम करते. गायिका अलका याज्ञिक यांना विषाणुसंसर्गानंतर श्रवणदोष झाल्याचं त्यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं, तेव्हा कारण वेगळं असूनही त्यांनी तरुणांना मोठ्या आवाजाच्या संगीताबद्दल आणि हेडफोनबद्दल सावध केलं होतं. ज्यांचं आयुष्य सुरांत गेलं, त्यांचं हे सांगणं मनावर घेण्यासारखं आहे.

घरात मुलं हेडफोन वापरत असतील तर मर्यादा बंद करण्याचा विचारही करू नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’ असते आणि तिला पिन लावता येतो. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’मधून हे सेटिंग मुलांना बदलता येणार नाही, असं करता येतं. हाताच्या अंतरावरून तुम्ही बोललेलं मुलाला हेडफोन घालून ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करायला सांगा.

फोन बनवणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे: आवाज कमी केला तर का केला ते स्पष्ट सांगा, आठवड्याचा हिशेब उघडपणे दाखवा आणि वायर स्पीकरला जोडली आहे हे कळवण्याची सोय द्या. मर्यादा हवीच, पण ती कानात खरोखर पोचणाऱ्या आवाजावर असावी.

तोवर आपण करायचं ते हे. आज फोनमधला हेडफोनचा आठवड्याचा हिशेब उघडून पाहा, असेल तर. इअरफोनच्या टोप्यांची मापं तपासा. गाडी आणि स्पीकर योग्य नावाने नोंदवा. क्षीण ध्वनिमुद्रण आधी सुधारा, मग ऐका. एवढं करूनही रोज शेवटच्या पातळीपर्यंत जावं लागत असेल, तर फोनचं सेटिंग बदलण्याआधी श्रवणचाचणीची वेळ घ्या.