भय कशाचं, आणि कुणाला?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३० ते ३२.

भगवंत इथे बुद्धीचे तीन प्रकार सांगतात. काय करावं, काय करू नये, कशाला भ्यावं, कशाला भिऊ नये, हे सात्त्विक बुद्धीला नीट कळतं. राजस बुद्धीची यात गफलत होते. तामस बुद्धीला तर सगळं उलटंच दिसतं. मी स्वतःला (इंजिनिअर ना!) पहिल्या गटात धरून चाललो होतो.

आमच्या सोसायटीत सफाईला येणाऱ्या मावशींची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या ॲपवर घ्यायची, ही कल्पना माझीच. बाबा म्हणाले, "अरे, यंत्र चुकलं तर पैसे कुणाचे कापणार?" मी हसलो. "बाबा, तुम्ही तर यूपीआयलाही घाबरत होतात."

तिसऱ्याच आठवड्यात, पहाटेच्या अंधारात, एका मावशींचा चेहरा ॲपने दोन दिवस ओळखला नाही. दोन दिवसांचे पैसे कापले गेले. त्या दोन्ही दिवशी आमच्या मजल्याचा जिना पुसलेला होता.

मेलिसा फिनुकेन, पॉल स्लोव्हिक आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक शोधनिबंध आहे. अणुऊर्जेसारख्या तंत्रज्ञानाचे फक्त फायदे सांगितले, तर धोक्याबद्दल काहीच न सांगताही अनेकांना धोका कमी वाटायला लागतो. धोका मोठा आहे असं सांगा, की फायदाच कमी वाटतो. आधी आवड-नावड ठरते, हिशोब मागून येतो. प्रत्यक्षात मोठा फायदा आणि मोठा धोका एकाच गोष्टीत असू शकतात.

म्हणजे माझा कौल आवडीतून आला होता. बाबांचा भीतीतून आला असेलही. पण त्यामुळे त्यांचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. पैसे कुणाचे कापणार, हा न्यायाचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मानसशास्त्रात मिळत नाही. फायदा आमचा (रजिस्टर तपासायची कटकट गेली), धोका मावशींचा. श्लोकातलं भय-अभय मी आजवर 'मला भीती वाटते का?' असंच वाचत आलो. माझा तर एक रुपयाही जाणार नव्हता. मग मी निर्भय असण्यात विशेष ते काय?

काल कमिटीला मेल केलाय : कापलेले पैसे परत द्या, आणि ॲपसोबत वहीही चालू ठेवा. मावशींशी अजून बोललेलो नाही. त्या साडेसहाला येतात, मी तेव्हा झोपेत असतो. आज गजर लावून झोपतोय.

उद्याचं वाचन : श्लोक ३३ ते ३५.