पवित्रा आधी, वार नंतर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



पेडणे आणि डिचोलीच्या आपल्या लाठी-वर्गांबद्दल कुटुंब-गटांवर सध्या एकच प्रश्न फिरतो आहे. "मुलं तीन महिने नुसती गुडघे वाकवून उभी राहतात. लाठी फिरवायला कधी शिकवणार?" शिकवणीची वेळ जुळत नाही आणि इथे काही पुढे सरकताना दिसत नाही, म्हणून काही पालकांनी मुलांना थांबवायचा विचारही बोलून दाखवला आहे. प्रश्न रास्त आहे. आईबाप संध्याकाळी घरची कामं टाकून मुलांना आणतात, त्यांना उत्तर मिळायलाच हवं. म्हणून या आठवड्याचा पाठ पवित्र्यावर घेतला आहे. कुटुंबातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा.

*पवित्रा म्हणजे काय?*

"विरोधकांनी आक्रमक पवित्रा घेतला" असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. हा शब्द मुळात तालमीतला. हात उचलण्याआधी पाय कसे टेकले, कंबर कुठे आली, नजर कुठे आहे, या सगळ्याला मिळून पवित्रा म्हणतात. जुन्या मराठीत त्यालाच 'ठाण' म्हणत. 'ठाण मांडणे' आपण अजून म्हणतोच की.

आपल्या पूर्वजांनी याचा किती बारकाईने विचार केला होता बघा. अग्निपुराणात धनुर्वेदाचा भाग आहे. त्यात बाण सोडण्याच्या आधी उभं कसं राहायचं ते सांगितलं आहे, तेही मापासकट. पाय जुळवून उभं राहणं म्हणजे समपद. दोन पावलांत तीन वितींचं अंतर ठेवलं की वैशाख, चार विती आणि गुडघे वाकलेले म्हणजे मंडल. पाच विती अंतर, एक पाय ताठ आणि आकार नांगरासारखा, ते आलीढ. बाजू बदलली की प्रत्यालीढ. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातही हीच पाच नावं येतात. म्हणजे रणांगण असो की रंगभूमी, सुरुवात पायांपासूनच.

मापासाठी वीत घेतली, ही गोष्ट आम्हांला फार उपयोगी पडते. मोठ्या माणसाची वीत साधारण नऊ इंच, आठ वर्षांच्या मुलीची सहा इंच. ज्याची त्याची वीत घेतली की ज्याच्या त्याच्या शरीराला बेतलेलं अंतर आपोआप मिळतं. दादाचं बघून धाकटीने पाय ताणायची गरजच नाही.

*आपल्या मांडावर बघा*

शिगम्यात डिचोली, साखळी आणि सत्तरीकडे घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात नंगी तलवार आणि ढोल-ताशाच्या तालावर पुढे-मागे पावलं. आपण तलवारीकडे आणि सजवलेल्या घोड्याकडे बघतो. पुढच्या वेळी पायांकडे बघा. घोड्याचं ओझं कमरेवर घेऊन नाचायचं, तर गुडघे सैल आणि वजन खाली हवं. ज्याचे पाय ताठ, त्याचा घोडा डगमगतो आणि तोही लवकर दमतो.

गंमत म्हणजे कराटेतही एका मूळ पवित्र्याचं नाव 'किबा-दाची', म्हणजे घोड्यावर स्वार झाल्यासारखं उभं राहणं. आधुनिक कराटेचे एक आद्य गुरू गिचिन फुनाकोशी (1868–1957) हे ओकिनावा बेटावरचे. आपल्या गुरूंकडे याच पवित्र्यातल्या फक्त तीन काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, शिकण्यात आपली दहा वर्षं गेली असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. दहा वर्षं! आपले तर तीनच महिने झाले.

आता आपला दांडपट्टा घ्या. 2024 च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. पट्ट्याची मूठ कोपराच्या जवळपास हात झाकते, त्यामुळे मनगट वळवता येत नाही. मग पातं फिरतं कशाने? खांद्याने, कमरेने आणि पावलांनी. पाय चुकले की पट्टा फिरवणाऱ्याच्याच अंगावर येतो. लाठीत मनगट मोकळं असतं, म्हणून पायांची चूक लगेच दिसत नाही, एवढाच फरक. मुलांना आधी लाठी दिली तर ती दोन आठवड्यांत भराभर फिरवायला लागतात. व्हिडिओ छान येतो. पण ती फिरवतात ती नुसत्या मनगटाने. समोरून हलका धक्का बसला की तोल जातो.

स्वयंपाकघरातही हे आपण रोज अनुभवतो. आदोळीवर नारळ खवताना बैठक पक्की नसेल तर हाताला जोर येत नाही आणि बोट कापतं. जोर हाताचा वाटतो, पण तो येतो बैठकीतून.

*पवित्रा सुधारायचा कसा?*

वर्गात नेहमी दिसणाऱ्या पाच गोष्टी आणि त्यांवरचे उपाय असे :

1. *गुडघे आत पडतात.* मुलींमध्ये हे जास्त दिसतं. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. आरशासमोर उभं राहून गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा सराव करावा.

2. *पार्श्वभाग मागे आणि छाती पुढे जाते.* भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली सरकावं. डोकं आणि पाठ भिंतीला लागलेली राहील तेवढंच वाकावं. आधी दहा श्वास, मग वीस.

3. *टाचा उचलल्या जातात.* पाऊल तीन ठिकाणी टेकलं पाहिजे : टाच, अंगठ्याखालची गादी आणि करंगळीखालची गादी. अनवाणी उभं राहिलं की हे पटकन कळतं.

4. *श्वास रोखला जातो आणि खांदे वर चढतात.* उभं राहून सावकाश नामजप करावा. जप अडखळला तर समजावं की पवित्रा ताकदीबाहेर खोल घेतला आहे. थोडं वर यावं.

5. *नजर जमिनीवर जाते.* भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक ठिपका काढावा. खाली बघितलं की मान वाकते आणि मानेमागून पाठ.

पारख करायची सोपी रीत म्हणजे घरातल्या कुणीतरी खांद्यावर तळहात ठेवून समोरून, मागून, बाजूने अगदी हळू दाबावं. उभा असलेला हलला नाही आणि हसत बोलू शकला, तर पवित्रा जमला. धक्का मात्र मारायचा नाही.

गुडघेदुखी असणाऱ्या काका-मावशींनी खुर्चीची पाठ धरून थोडंसंच वाकावं. दुखलं तर थांबावं आणि डॉक्टरांना विचारावं. पण अजिबात सोडू नये. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं, न्हाणीत पाय घसरतो. त्या क्षणी सावरतात ते पायच. आजीला लाठी चालवायची नसली तरी तोल सावरायचा आहेच.

*पण हे सगळं कशासाठी?*

गीतेची सुरुवात आठवा. अर्जुनाला धनुर्विद्या येत नव्हती का? त्याच्याइतकी कुणालाच येत नव्हती. तरी पहिल्या अध्यायात त्याचं अंग कापतं, गांडीव हातातून सुटतं आणि तो रथात खाली बसतो. हातांना सगळं येत होतं, मनाला उभं राहता येत नव्हतं. पुढे तो भगवंताला स्थितप्रज्ञाबद्दल विचारतो, तेही असं की तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी म्हणतो की संशय गेला, आता मी स्थिर उभा आहे. बाण त्यानंतर.

आपल्या वर्गाचा हेतू हाच आहे. भीती वाटली तरी पाय जागचे सुटू नयेत, आणि राग आला तरी हात सुटू नये. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी दोन चाफळला आहेत. एक रामापुढे हात जोडून उभा असलेला दास मारुती आणि दुसरा प्रताप मारुती. देव एकच, पवित्रे दोन. कुठे हात जोडायचे आणि कुठे उगारायचे, हे ज्याला कळतं त्याचंच बळ घराच्या आणि गावाच्या कामी येतं. म्हणून वर्ग नमस्काराने सुरू होतो आणि नमस्कारानेच संपतो. शाळेत कुणाला 'हात दाखवून' येणाऱ्या मुलाच्या हातात आम्ही पुढचे दिवस लाठी देत नाही, याचंही कारण हेच.

मुलींच्या आयांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वर्षभर लाठी शिकली म्हणजे मुलगी सुरक्षित झाली, असं कृपया समजू नका. प्रसंगी हातात लाठी नसते, आणि समोरचा पुष्कळदा ओळखीचा असतो. तेव्हा कामी येतं ते ताठ उभं राहून मोठ्याने 'नाही' म्हणणं, तिथून निघून जाणं, मदत मागणं आणि घरी येऊन सांगणं. पवित्र्यात उभं राहून पोटातून आवाज काढायचा सराव आम्ही मुद्दाम घेतो. तो सराव मुलींचा. त्यांनी सांगितलं की न ओरडता, न लपवता ऐकून घ्यायचं, हा सराव आपल्या मोठ्यांचा. 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

*या आठवड्याचा घरचा अभ्यास*

– खडूने जमिनीवर आपापल्या तीन, चार आणि पाच वितींच्या खुणा करा.
– संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून वैशाख आणि मंडल प्रत्येकी दहा श्वास, आलीढ दोन्ही बाजूंनी पाच-पाच श्वास. मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.
– रात्री जेवताना मुलांना विचारा : आज कुठे राग आला? तेव्हा तू कसा उभा होतास? कशी उभी होतीस?
– ज्या पालकांच्या मनात मुलांना थांबवायचं आहे, त्यांनी एकदा वर्गात येऊन मुलांशेजारी स्वतः दहा श्वास मंडलात उभं राहून बघावं. मग आपण निवांत बोलू. शिकवणीच्या वेळेची अडचण खरी आहे, ज्यांना हवं त्यांच्यासाठी रविवारी सकाळी सराव घेऊ.

आठवड्याचा अभ्यास झाला की आपापल्या गटावर कळवावं. फोटो नकोत, 'आजी, आई, दोन मुलं, झाले' एवढं लिहिलं तरी आम्हांला आनंद. पुढच्या पाठात पवित्रा न मोडता पाऊल पुढे-मागे कसं टाकायचं, ते बघू. आणि हो, त्या पाठापासून लाठी हातात येईल.

सद्गुरूंच्या चरणी ही सेवा अर्पण 🙏

– आपल्या सेवेकरी भगिनी, पेडणे व डिचोली