दोन फळमाश्यांची छायाचित्रावरून ओळख

आंबा व पेरू यांवरील मुख्य फळमाशी आणि कारलें, दोडका, काकडी यांवरील फळमाशी दिसण्यांत बहुतेक सारख्या. परंतु दोहोंचें आमिष निराळें असतें. पहिलीचे नर मिथिल युजेनॉलकडे ओढले जातात, दुसरीचे क्यू ल्यूरकडे. ओळख चुकली कीं सापळा रिकामा राहतो व फळांत अळ्या वाढत जातात.

छायाचित्र पाहतांना रंगावर विसंबूं नये. उजेडाप्रमाणें तो पालटतो. प्रथम पाठ पाहावी. आंब्यावरील माशीच्या पाठीवर दोन बाजूंस दोन पिवळे पट्टे असतात. वेलीवरील माशीस मध्यभागीं तिसराही असतो. नंतर पंख पाहावे. पहिलीचे पंख पुढील कडेची बारीक काळसर पट्टी सोडल्यास बहुतेक स्वच्छ असतात. दुसरीच्या पंखांत आडव्या शिरेवर डाग असून कडेची पट्टी टोकाशीं रुंदावते.

माशी कोणत्या झाडावर बसली होती, एवढ्यावरूनच निर्णय करूं नये. वेलीवरील माशी शेजारच्या झाडांवरही विसावा घेते. म्हणून छायाचित्र वरून, पाठ व पसरलेले पंख स्पष्ट दिसतील असें घ्यावें, आणि आमिष त्यानंतरच खरेदी करावें, अशी बागाईतदारांस आमची सूचना आहे.