वाचनाचा संकल्प: आकडा नको, वेळ ठरवू या

नवीन वर्ष आले की आपण संकल्प करतो. पहाटे फिरायला जायचे, गोड कमी करायचे, मोबाईल दूर ठेवायचा. त्यातच एक संकल्प असतो तो वाचनाचा. ‘या वर्षी खूप वाचायचे’, असे आपण मनाशी म्हणतो. जानेवारीत एखादे पुस्तक हाती येते. फेब्रुवारीत ते टीव्हीशेजारी पडून असते आणि उपवासकाळ सुरू होईपर्यंत त्याच्यावर विजेच्या बिलांचा गठ्ठा चढलेला असतो. असे का होते आणि ते टाळायचे कसे, याचा थोडा विचार आज आपण करू या.

हा विषय आताच का?

आपल्या घरांत सध्या तीन पिढ्या तीन तऱ्हेने वाचतात. आजी-आजोबा फक्त मराठी वाचतात. आई-वडील मराठीत शिकले, पण आता बहुतेक वाचन मोबाईलवरच्या निरोपांपुरते उरले आहे. मुले इंग्रजी माध्यमात आहेत. ती घरी मराठी बोलतात, पण मराठी पान समोर आले की अडखळतात. मिस्साच्या वेळी वाचन करण्यासाठी उभी राहणारी काही मुले आपला मजकूर रोमन लिपीत लिहून आणतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. ती धीराने पुढे येतात, हेच कौतुकाचे आहे.

पण प्रश्न गंभीर आहे. ज्या भाषेत आपण बोलतो, प्रार्थना करतो, आपल्या माणसांना निरोप देतो, ती भाषा पुढच्या पिढीला केवळ ऐकता येईल, वाचता येणार नाही. आजीने वाचलेले एकही पुस्तक नातवाने वाचलेले नसेल, तर दोघांना बोलायला विषय कोणता उरेल? म्हणून यंदाचा वाचनाचा संकल्प एकट्याचा न राहता घराचा व्हावा, असे आम्हांला वाटते.

१. आधी वेळ, मग पुस्तक

‘वर्षाला ५० पुस्तके वाचीन’ असा आकडा धरला की दोन गोष्टी घडतात. एक तर आपण बारीक बारीक पुस्तके शोधू लागतो किंवा मागे पडलो की सारेच सोडून देतो. त्यापेक्षा वेळ ठरवावी. रोज २० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस. शनिवार-रविवारी लग्ने, बारसी, सण, पाहुणे असतात. ते दोन दिवस मोकळे ठेवावेत.

आता हिशेब करू. २० मिनिटांत साधारण १० पाने होतात. आठवड्याला ५० आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांत २,६०० पाने. म्हणजे २०० पानांची १३ पुस्तके! महिन्याला एकाहून थोडे जास्तच. पुस्तके न मोजताही आकडा आपोआप जमतो.

आणखी एक योगायोग पाहा. आठवड्याचे ५ दिवस धरले तर वर्षाचे २६० दिवस होतात आणि नव्या करारात अध्यायही बरोबर २६० आहेत. ज्यांना या वर्षी संपूर्ण नवा करार वाचायचा आहे, त्यांना रोज एक अध्याय पुरे. त्यातले बरेचसे अध्याय वाचायला पाच-सात मिनिटांहून जास्त लागत नाहीत. उरलेला वेळ दुसऱ्या पुस्तकाला देता येतो.

वेळ मात्र रोज एकच असावी. रात्रीच्या जेवणानंतरची किंवा सकाळच्या गाडीतली. गाडीत बसायला मिळाले नाही तर तो दिवस सोडून द्यावा, दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचण्याची शिक्षा स्वतःला करू नये.

२. चार प्रकारची चार पुस्तके

पूर्ण वर्षाची यादी आताच करू नये. चार पुस्तके ठरवावीत, प्रत्येक तिमाहीला एक. बाकीची वाटेत भेटतील. ही चार निवडताना पुढील विचार करावा.

पहिले पुस्तक आपल्या मुळाचे असावे. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या लिहा-वाचायला शिकल्या. पती रेव्हरंड टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते; ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ‘माझे वाचनाचे वय गेले’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावे. त्यातली भाषा घरात बोलतो तशी आहे, आणि दुःखाच्या प्रसंगांतही हसू फुटते.

दुसरे पुस्तक आपल्याहून वेगळ्या आयुष्याचे असावे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या एका तरुण मास्तरांची लहानशी कादंबरी आहे. पाऊस न पडणे म्हणजे काय, हे ती वाचून कळते. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना मन अस्वस्थ होते, आणि ते व्हायलाच हवे. शेजाऱ्यावर प्रीती करायची तर शेजारी कसा जगला, हे आधी ठाऊक असावे लागते.

तिसरे पुस्तक कामाचे असावे. कोणाला भाजीपाल्याचे, कोणाला मधुमेहाच्या पथ्याचे, कोणाला पैशाच्या नियोजनाचे. वाचन म्हणजे केवळ कथा-कादंबरी नव्हे. एखादा विषय पडताळून पाहायचा असेल तर मराठी विश्वकोश आता इंटरनेटवरही मोफत वाचता येतो.

चौथे पुस्तक घरातल्या मुलांसोबत वाचण्याचे असावे. त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

३. मोठ्याने वाचू या

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत असतो. फिलिप धावत रथाजवळ जातो आणि त्याला विचारतो की, वाचता ते समजते काय? तो काय वाचतो आहे हे फिलिपला कसे कळले? कारण तो मोठ्याने वाचत होता. मनात वाचत असता तर रथ पुढे निघून गेला असता. मोठ्याने वाचले म्हणून प्रश्न आला, प्रश्नातून संवाद झाला आणि दोघे रथात शेजारी बसले.

आपल्याकडेही ही रीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ते त्यांनी ओवीत रचले. ओवी ही मोठ्याने म्हणण्याची आणि दहाजणांनी बसून ऐकण्याची रचना आहे.

घरी सुरुवात करायची तर साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्यावी. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत, आणि त्या ४२ आहेत. दररोज एक रात्र वाचली तर सहा आठवड्यांत पुस्तक पूर्ण होते. एक रात्र आजीने वाचावी, एक बाबांनी, एक नातीने. नात अडखळली तर हसू नये आणि लगेच शब्द सांगूही नये. तिला दोन क्षण द्यावेत. जोडाक्षर तिचे तिने सोडवले की ते कायमचे तिचे होते.

मुले थोडी मोठी असतील तर भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत मिळते. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या टोकियोतल्या शाळेची ती खरी हकिगत आहे. अगदी लहानांसाठी ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतल्या चित्रकथा विनामूल्य आहेत. आणि मुलगा इंग्रजी पुस्तकात रमला असेल तर ते ओढून घेऊ नये. ‘आजीला गोष्ट मराठीत सांग’ एवढेच म्हणावे. वाचनही होते, भाषाही होते, आजीलाही बरे वाटते.

४. काही अडचणी

पुस्तके महाग आहेत, हे खरे आहे. पण वाचनालय आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि शासनाची मान्यता व अनुदान मिळणारी वाचनालये अनेक गावांत आहेत. आपल्या गावच्या वाचनालयात शेवटचे केव्हा गेलो होतो, ते आठवून पाहावे. शेजारच्या चार घरांनी चार पुस्तके घेऊन फिरवली तरी वर्ष निघते.

पुस्तक आवडले नाही तर? ५० पाने वाचून पाहावीत. तरीही मन लागत नसेल तर निःसंकोच बाजूला ठेवावे. पुस्तक सोडणे म्हणजे संकल्प मोडणे नव्हे. २० मिनिटे सोडणे म्हणजे संकल्प मोडणे.

वाचलेले विसरते, अशी तक्रार वडीलधारी मंडळी करतात. त्यासाठी एक साधी वही ठेवावी. पुस्तकाचे नाव, वाचून संपल्याची तारीख आणि मनात राहिलेली एक गोष्ट, एवढ्या तीनच ओळी. वर्षअखेरीस ती वही चाळताना आपले वर्षच डोळ्यांसमोर उभे राहील.

घरी बोलण्यासाठी

१. आपल्या घरात सर्वांनी वाचलेले असे एखादे पुस्तक आहे का? नसेल तर यंदा कोणते असावे?

२. रोजची २० मिनिटे कोणती? त्या वेळी मोबाईल कोठे ठेवायचा?

३. घरात किंवा शेजारी डोळ्यांनी अधू झालेले, वाचता न येणारे कोणी आहे का? त्यांना आठवड्यातून एकदा वाचून दाखवायला कोण जाईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना देऊ द्यावे. मोतीबिंदूमुळे वाचन थांबलेल्या एखाद्या आजोबांपुढे बसून दहा वर्षांची मुलगी अडखळत वर्तमानपत्र वाचते, तेव्हा दोघांचेही काम होते. तिचे मराठी सुधारते आणि त्यांचा दिवस सरतो. आजच दुपारी घरातले एक पुस्तक बिलांच्या गठ्ठ्याखालून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवू या. सुरुवातीला तेवढे पुरे आहे.