0.65 मोठे की 0.7? – स्पार्क प्लगने शिकवलेला दशांश अपूर्णांकाचा पाठ



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय गणित आणि परिसर अभ्यास, पण साहित्य गॅरेजमधले. तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या गुरुजींना गाडीच्या प्लगशी काय देणंघेणं? मलाही आधी तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि माझ्या वर्गातली एक जुनीच चूक मला नव्याने दिसली.

प्रसंग

माझ्या मावसभावाने लातूरला सेकंडहँड गाडी घेतली. पुण्याहून आणलेली, 1.2 लिटरची टर्बो पेट्रोल. आधीच्या मालकाने तिचे 'रिमॅप' करून घेतले होते. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून टर्बोचा दाब आणि ताकद वाढवली होती. पिकअप भन्नाट! फेब्रुवारीत लग्नासाठी तो सहकुटुंब नांदेडला निघाला. अहमदपूर सोडून माळेगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला त्याने पाय दाबला, आणि गाडी भर रस्त्यात झटके खाऊ लागली. समोरून ट्रक. मागे दोन लेकरं. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतोय. कशीबशी गाडी मागे घेतली म्हणून निभावलं. पुढे लोह्यापर्यंत तो तीसच्या स्पीडने आला.

दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने सांगितलं, "साहेब, सगळ्यात महागातला इरिडियम टाका, नंबरही मोठा घ्या, प्रश्नच मिटला." टाकला. हायवेचे झटके थांबले, पण आठवड्याभरात सकाळी गाडी नीट सुरू होईना. प्लग काढले तर काजळीने काळे. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने गाडी मार्गावर आणली. त्याने काय केलं, ते समजून घेणं हाच आजचा पाठ.

प्लगचे काम काय?

पेट्रोल इंजिनमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पेटवायला ठिणगी लागते. ती स्पार्क प्लग देतो. इंजिन मिनिटाला 6000 फेरे फिरत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटाला 3000 म्हणजे सेकंदाला 50 ठिणग्या पाडतो. (चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दोन फेऱ्यांना एक ठिणगी. हे गणित मुलांकडून जरूर करून घ्या.)

आपल्याकडे 'टर्बो' शब्द जीप-ट्रॅक्टरमुळे जास्त ओळखीचा आहे. पण ती डिझेलची इंजिने. त्यांत स्पार्क प्लग नसतोच, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. टर्बोची कल्पना मात्र जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. बाहेर जाणाऱ्या गरम धुराने एक पंखा फिरतो, तो दुसरा पंखा फिरवतो आणि इंजिनमध्ये जास्त हवा कोंबली जाते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या आणि रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनसारख्या गाड्यांमुळे आता टर्बो पेट्रोल आपल्या रस्त्यांवरही आले आहे.

टर्बोमुळे सिलिंडरमध्ये दोन गोष्टी वाढतात: दाब आणि उष्णता. गाडी ट्यून केली की त्या आणखी वाढतात. प्लग निवडताना या दोन गोष्टी डोक्यात ठेवल्या, की बाकीचे आपोआप उलगडते.

मुद्दा 1 : गॅप (ठिणगीची फट)

प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये बारीक फट असते. साधारण 0.6 ते 1.1 मिलिमीटर. ठिणगीला ही फट ओलांडायची असते. मोठ्या फटीत ठिणगी मोठी पडते, आग चांगली लागते. मग फट मोठीच का ठेवू नये?

कारण दाबाखालच्या हवेतून उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्ये दाखवले, की लागणारे व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. एक ढोबळ अंदाज करू. दाब 1 पट असताना 0.9 मिमीची फट चालत होती. दाब दीडपट झाला तर?

0.9 × 1 = 0.9
0.6 × 1.5 = 0.9

म्हणजे कॉइलवर तेवढाच ताण ठेवायचा तर फट 0.6 वर आणावी लागेल. वरच्या वर्गात येणारे व्यस्त प्रमाण ते हेच! भावाच्या गाडीत नेमके उलटे झाले होते. जुने प्लग झिजून फट रुंदावलेली, आणि रिमॅपने दाब वाढवलेला. हळू चालवताना गाडी ठीक. पाय दाबला, दाब वाढला की ठिणगी पडायचीच नाही. यालाच गॅरेजवाले 'मिसिंग करते' म्हणतात. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते, म्हणून इंजिनचा दिवा लुकलुकला की पाय सैल सोडायचा, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

पण फट फारच लहान केली, तर ठिणगी इवलीशी पडते आणि गाडी उभी असताना इंजिन थरथरते. म्हणून झटके थांबतील एवढीच कमी करायची.

मुद्दा 2 : हीट रेंज (गरम प्लग, थंड प्लग)

इथे मोठाच गैरसमज आहे. थंड प्लगची ठिणगी थंड नसते! प्लग स्वतःची उष्णता किती लवकर इंजिनच्या धातूला देऊन टाकतो, त्यावरून हे नाव पडले. आतल्या पांढऱ्या सिरॅमिकचे नाक आखूड असेल तर उष्णता चटकन बाहेर जाते, तो थंड प्लग. नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो गरम प्लग.

भाकरीचा तवा आठवा. कमी तापला तर भाकरी कच्ची, जास्त तापला तर करपली. प्लगचे टोकही साधारण 450–500 अंश सेल्सिअसच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी जळून जाते. आणि 800–850 च्या पुढे गेले, तर ते निखाऱ्यासारखे तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. तसे झाले की पिस्टनला भोकसुद्धा पडू शकते.

दोन्ही चुकाच, पण किंमत सारखी नाही. प्लग फार थंड झाला तर काजळी धरतो, फार गरम झाला तर इंजिन घेऊन जातो. म्हणून ट्यून केलेल्या टर्बोला कंपनीच्या नंबरपेक्षा एक पायरी थंड प्लग देण्याची पद्धत आहे. एनजीकेचा ढोबळ नियम साधारण 75 ते 100 हॉर्सपॉवर वाढीला एक पायरी असा आहे. आपल्या लहान गाड्यांच्या रिमॅपमध्ये एवढी वाढ होतच नाही. म्हणजे एक पायरी ही तिथली मर्यादाच समजा. दुकानदाराने थेट दोन पायऱ्या थंड दिला होता. लातूरच्या गल्लीबोळात, शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत तो कधी तापलाच नाही. मग काळा होणारच!

आणि 'मोठा नंबर' म्हणजे काय, तेही कंपनीवर आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा नंबर म्हणजे थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये मोठा नंबर म्हणजे गरम! एका कंपनीचा नंबर पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेतला, तर नेमके उलटे होऊन बसते.

मुद्दा 3 : धातू कोणता?

निकेल 1455 अंशांना वितळते, प्लॅटिनम 1768 ला, इरिडियम 2446 ला. म्हणून इरिडियमचे टोक तारेसारखे बारीक ठेवता येते. बारीक टोकावरून कमी व्होल्टेजला ठिणगी सुटते आणि प्लग जास्त काळ टिकतो. साधा निकेल मिश्रधातूचा प्लग (बाजारात त्याला 'कॉपर' म्हणतात) स्वस्त, पण लवकर झिजतो. तो वापरायचा तर वरचेवर तपासावा लागतो. महाग धातूने टिकाऊपणा मिळतो, चुकीची हीट रेंज मात्र दुरुस्त होत नाही.

मिस्त्रीने काय केले?

आधी त्याने तीन प्रश्न विचारले. ताकद किती वाढवली? पेट्रोल कोणतं भरता? गाडी जास्त कुठं चालते? नुसतं 'काय झालं' असं त्याने विचारलंच नाही. आपण डीएडला शिकलो ते 'पूर्वज्ञान तपासणे' यापेक्षा वेगळं काय आहे?

मग एका सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून कॉइलचा दोष नाही याची खात्री केली. प्लगचे आटे, लांबी कंपनीच्या प्लगशी जुळवून पाहिली (लांबी जास्त असेल तर पिस्टन आदळतो). एक पायरी थंड इरिडियम घेतला आणि हाताखालच्या पोराला म्हणाला, "0.65 ठेव."

पोरगं असेल वीस-बावीसचं. फिलर गेजची पाती चाळत म्हणालं, "उस्ताद, 65 चं पातं सापडंना. 7 चं लावतो, त्याहून बारीकच हाय की."

त्याला 65 हे 7 पेक्षा मोठं वाटत होतं. मिस्त्रीने हसून गेज स्वतः घेतला. फट नीट झाली, गाडी आजही नीट पळते. पण मी घरी येईपर्यंत गप्प होतो. ते पोरगं आपल्यासारख्याच एखाद्या शाळेतून गेलं असेल. त्याच्या वहीवर कुणीतरी 'बरोबर'ची खूणही केली असेल. आणि आपलं अर्धवट शिकवणं कुणाच्या तरी गाडीत बसून ओव्हरटेकला निघालं असतं.

वर्गातील कृती

साहित्य: गॅरेजमधून मागून आणलेले चार-पाच जुने, पुसलेले प्लग, फिलर गेज, झेरॉक्सचे कागद, पट्टी. (फुटक्या सिरॅमिकचा प्लग घेऊ नका. पेट्रोल आणि वीज वर्गात नकोच.)

1. 100 कागदांचा गठ्ठा पट्टीने मोजा. साधारण 1 सेंमी म्हणजे 10 मिमी भरतो. मग एक कागद किती? सुमारे 0.1 मिमी.
2. 7 कागद एकत्र धरा. हे झाले 0.7. आता 0.65 म्हणजे किती कागद? मुले स्वतःच म्हणतात, "साडेसहा!" मोठे कोणते, हे सांगावे लागत नाही.
3. 0.7 ला 0.70 लिहून 0.65 शी तुलना करा.
4. प्रत्येक प्लगची फट गेजने मोजा आणि चढत्या क्रमाने लावा.
5. प्लगचा रंग पाहा: फिकट तपकिरी – ठीक, कोरडा काळा – काजळी, पांढरट, फोड आलेला – जास्त तापलेला.

पालकांसाठी चार शब्द

घरात गाडी ट्यून करायचा विषय निघाला, तर आधी वॉरंटी आणि विमा तपासा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. इरिडियमची फट कमी करताना फक्त वरचा वाकडा धातू हलवा, मधल्या बारीक टोकाला जोर लावला तर ते मोडते. प्लग नेहमी थंड इंजिनमध्ये, आधी हातानेच बसवा. वायसर असलेला नवा प्लग हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेराच आवळा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर काढून रंग पाहा.

माझ्या वर्गात आता फळ्याच्या कोपऱ्यात एक जुना प्लग टांगलेला आहे. परवा एका मुलीने 0.5 आणि 0.45 मध्ये 0.45 मोठे लिहिले. मी काही बोललो नाही, कागदाचा गठ्ठा पुढे केला. तिने पाच कागद मोजले, मग चार, मग पाचवा अर्धा दुमडला. आणि खोडरबर शोधू लागली.